पस्तीस की पन्नास

लिफ्टला जायचं होतं तिसऱ्या मजल्यावर. ती दुसऱ्यावरच थांबली, दार उघडून बसली आणि काही केल्या पुढे जाईना. आतल्या मुलीनं तीनचं बटण चार वेळा दाबलं, पाचव्यांदा जरा रागानं दाबलं, आणि मग सरळ बाहेर पडली.

तिसऱ्या मजल्यावर कॅमेऱ्यांचं मोठं, चकचकीत दुकान होतं. तिच्या दादानं तिथे तिच्यासाठी एक लेन्स बाजूला काढून ठेवायला सांगितली होती. पन्नासची, म्हणजे पन्नास मिलिमीटरची. तिनं फक्त जायचं आणि खोका घेऊन यायचं. वडिलांच्या फोटो स्टुडिओत लग्नाची कामं दादा करायचा आणि स्टुलावर बसवून पासपोर्टचे फोटो ती काढायची. पाच वर्षांत एवढ्या लोकांना तिनं ‘हनुवटी जरा खाली’ म्हटलं होतं, की झोपेतही म्हणत असेल.

जिना शोधताना तिला एक उघडं दार दिसलं. आत अरुंद खोली, तिन्ही भिंतींना काचेची कपाटं आणि त्यांत ओळीनं मांडलेल्या जुन्या-नव्या लेन्स. टेबलावरच्या दिव्याखाली एक तरुण लेन्सच्या पोटातून तिळाएवढा स्क्रू काढत होता. त्या इमारतीत सगळे त्याला भिंगवाला म्हणत. त्याची त्याला हरकत नव्हती.

तिनं जिना कुठे आहे म्हणून विचारलं. डाव्या हाताला, असं मान वर न करता त्यानं सांगितलं, आणि वर काय घेणार म्हणून विचारलं.

“पन्नासची लेन्स.”

“का?”

हा प्रश्न तिला घरात कुणी विचारला नव्हता. तिनं स्वतःलाही विचारला नव्हता.

“सगळे घेतात म्हणून,” ती म्हणाली, आणि आपलंच उत्तर ऐकून तिचे कान गरम झाले.

तेव्हा कुठे त्यानं मान वर केली आणि तिच्या गळ्यातला कॅमेरा पाहिला. “सगळ्यांचा कॅमेरा आणि तुमचा कॅमेरा एकच आहे का?”

मग त्यानं तिला समजावून सांगितलं, आणि अगदी नीट सांगितलं. तिच्या कॅमेऱ्यावर होती ती झूम लेन्स. कडं फिरवलं की लांबचं जवळ येतं. प्राइम लेन्सला असलं कडं नसतं. ती एकाच अंतराची. जवळचं हवं तर आपण पुढे जायचं, जास्त हवं तर आपण मागे यायचं. त्या बदल्यात ती कमी उजेडातही भागवून नेते आणि चित्र स्वच्छ देते. चित्र टिपणारा आतला सेन्सर मोठा असेल त्या कॅमेऱ्यावर पन्नासची लेन्स साधारण आपल्या डोळ्याला सहज दिसतं तेवढं दाखवते, म्हणून सगळे तिला नेहमीची, सरळ लेन्स समजतात. तिच्या कॅमेऱ्याचा सेन्सर मात्र लहान. त्यावर कडेचं कापलं जातं आणि पन्नासची लेन्स पंचाहत्तरसारखी वागते. डोळ्यासारखं पाहायचं तर तिला पस्तीसची लागेल.

“मग पस्तीस घेऊ?”

“मी असं कुठे म्हटलं? मला स्वतःला पन्नासच आवडते. लांब उभं राहता येतं.”

“मग एवढं सांगितलंत कशाला?”

“तुम्ही ‘सगळे घेतात’ म्हणालात… ते मला आवडलं नाही म्हणून.”

तिला राग यायला हवा होता. तो आला नाही, याचाच तिला जरा राग आला.

भिंगवाल्याची एक पद्धत होती. पहिली प्राइम लेन्स घेणाऱ्याला तो ती लगेच विकत नसे. त्यानं तिचा कॅमेरा घेतला, झूमचं कडं पस्तीसवर आणलं आणि त्यावर चिकटपट्टी लावली. एक आठवडा हे हलवायचं नाही. पुढचा आठवडा पन्नासवर पट्टी. मग फोटो घेऊन यायचं आणि काय हवं ते सांगायचं.

“आणि मधेच पट्टी काढली तर?”

“मला कळणार नाही,” तो म्हणाला. “तुम्हाला कळेल.”

ती जिना चढली नाही. उतरली.

दादानं पट्टी पाहिली आणि कपाळाला हात लावला. त्याचं म्हणणं साधं होतं. हे बघ छोटे, पन्नासनं चेहरा खुलतो, मागचं सगळं धूसर होतं, गिऱ्हाईक खूश होतं. आणि परक्या माणसांच्या फार जवळ जावं लागत नाही. हे शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं.

एवढ्या चर्चेला कारण होतं. गावाच्या जुन्या भागातल्या एका शिवणकामाच्या कारखान्याला पंचवीस वर्षं होणार होती. तिथे अकरा बायका काम करत. प्रत्येकीचा फोटो काढून दारातल्या भिंतीवर लावायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांच्यातल्या सगळ्यांत मोठ्या मावशी स्टुडिओत येऊन दादाला म्हणाल्या होत्या, की फोटो तुझ्या बहिणीनं काढायचे. पासपोर्टच्या फोटोत हसायचं नसतं, पण ही पोरगी समोर उभी राहिली की माझं तोंड सरळ राहत नाही. स्टुलापलीकडचं हे तिचं पहिलं काम. दादा म्हणत होता, मी येतो बरोबर, कॅमेरा मी धरेन, तू उजेडाचा पांढरा पडदा धर. लग्नांत पाच वर्षं तिनं तो पडदाच धरला होता.

पस्तीसच्या आठवड्यात तिला लोकांच्या इतकं जवळ जावं लागलं, की लोक तिच्याशी बोलायलाच लागले. चप्पल शिवणाऱ्यानं फोटो होईपर्यंत दोऱ्याचं टोक तिच्या हातात दिलं. एका आजींनी तिच्या लग्नाची चौकशी केली. पन्नासच्या आठवड्यात तिला कुणी हटकलं नाही. चेहरे सुंदर आले. पण चौकटीतून चप्पल शिवणाऱ्याचं दुकान गेलं, आजींची खिडकी गेली, आणि उरला तो नुसता खुललेला चेहरा… कुणाचाही असावा असा.

त्या दोन आठवड्यांत ती दुसऱ्या मजल्यावर सहा वेळा गेली. पट्टी सैल झाली, हे कारण होतं. पट्टी घट्ट होती. भिंगवाला काही बोलायचा नाही. जुनी पट्टी नखानं हळूच सोडवायचा, नवी लावायचा, आणि ती नीट बसली की नाही हे बघायला अंगठा तिच्यावरून जरा जास्तच वेळ फिरवायचा.

एकदा पन्नासची पट्टी असताना तिनं त्यालाच टेबलाशी बसवलं. तो, त्याचे हात आणि ते टेबल, तिन्ही हवी होती. ती मागे सरकली, कपाटाला टेकली, दाराबाहेर गेली, आणि शेवटी जिन्याच्या कठड्याला पाठ लावून उभी राहिली.

“हात येत नाहीत अजून,” तिनं तिथून सांगितलं.

“अजून मागे गेलात तर तळमजल्यावरून काढावा लागेल,” तो आतून म्हणाला.

“तुम्हाला लांबचे लोक आवडतात ना?”

तिनं बटण दाबलं. नंतर तिनं फोटो मोठा करून पाहिला, तेव्हा त्यात तो स्क्रूकडे बघत नव्हता. तिच्याकडे बघत होता.

दोन आठवडे संपले आणि तिनं पस्तीसची लेन्स घेतली. तिचे स्वतःचे साठवलेले पैसे होते. भिंगवाल्यानं एकदाच विचारलं, की चेहऱ्यांसाठी पन्नास बरी नाही का? तिनं सांगितलं, मला त्यांच्या मागची भिंत धूसर करायची नाही. त्या भिंतीसमोर त्या पंचवीस वर्षं बसल्यात. त्यानं मान हलवली, लेन्स पुसली आणि दिली.

कारखान्यात जायच्या दिवशी सकाळी तिनं बॅग उघडली, तर आत पन्नासची लेन्स होती.

दादा आंघोळीला गेला होता. वडील चहा गाळत होते. दादा काल संध्याकाळी त्या भिंगवाल्याकडे जाऊन बदलून घेऊन आला, असं त्यांनी सांगितलं, आणि तिचा चेहरा बघून चहाचं भांडं खाली ठेवलं. चांगल्यासाठीच केलं असेल गं, ते म्हणाले. ती चहा न घेताच निघाली.

लिफ्ट चालू होती. तरी ती जिन्यानं चढली, कारण तिला थांबवत नव्हतं. टेबलावर तिनं पन्नासची लेन्स ठेवली. आपटली नाही. लेन्सची काही चूक नव्हती.

भिंगवाला उठून उभा राहिला. तुमचे दादा म्हणाले की तुम्हीच सांगितलंय, त्यानं सुरुवात केली. आणि मग तो थांबला. हा मुलगा खोटं बोलायला कच्चा होता.

“नाही… तसं पूर्ण खरं नाही,” तो म्हणाला. “त्यांनी सांगितलं, तेव्हा मला शंका आली होती. पण मलाही पन्नासच बरी वाटत होती. म्हणून मी विचारलं नाही.”

“दादाला वाटलं. तुम्हाला वाटलं. मग मला वाटलं त्याचं काय करायचं? ते कुठल्या कपाटात ठेवता तुम्ही?”

त्यानं हातातलं फडकं टेबलावर ठेवलं.

“पहिल्या दिवशी तुम्ही मला ‘का’ विचारलंत. मला त्याच दिवशी तुम्ही…” ती थांबली, पण नजर खाली केली नाही. “दादा तर दादाच आहे. पण तुम्हीही?”

“चुकलं माझं,” तो म्हणाला. कारणं दिली नाहीत, मखलाशी केली नाही. कपाटाकडे गेला, पस्तीसची लेन्स काढली आणि तिच्या हातात दिली. “मी येऊ का बरोबर? काही लागलं तर…”

“या. पण बघायला. सांगायला नाही.”

तिथूनच तिनं दादाला फोन लावला. लेन्स परत बदलल्याचं सांगितलं, आणि आज तू यायचं नाहीस हेही सांगितलं. पलीकडे दादाचा आवाज चढला असावा, कारण भिंगवाला उगाच एक कपाट पुसू लागला. ती मात्र शांतपणे ऐकत होती.

“बिघडलं तर माझं बिघडेल, दादा,” ती शेवटी म्हणाली. “तेवढं तरी माझं असू दे.” आणि फोन ठेवला.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. दोन्ही बाजूंना शिलाई मशिनं, मधून एक माणूस जाईल एवढी वाट, आणि वर एकच खिडकी. पन्नासची लेन्स घेऊन इथे एकीचा फोटो काढायचा, तर पलीकडच्या तिघींच्या मांडीवर बसावं लागलं असतं. भिंगवाला दाराशी कापडाच्या गठ्ठ्यांजवळ उभा राहिला आणि बघत राहिला.

तिनं कुणाला हनुवटी खाली घ्यायला सांगितलं नाही. ती प्रत्येकीच्या मशिनाशी जाऊन दोन हातांच्या अंतरावर उकिडवी बसली. चष्म्याच्या दांडीला दोरा का गुंडाळलाय, हे एकीला विचारलं. मशिनावर नातवानं चिकटवलेलं बदक दुसरीनं लपवायला घेतलं, तर तिनं ते राहू द्यायला लावलं. बायका आधी अवघडल्या, मग बोलायला लागल्या, मग तिचीच चेष्टा करायला लागल्या. हात चालत होते, सुई धावत होती, आणि ती मधेच, कुणाला कळायच्या आत, बटण दाबत होती. चेहरा, हात, मशिन, मागची पोपडे आलेली भिंत… सगळं एका चौकटीत येत होतं.

अकरावा फोटो मावशींचा. त्या तिच्या खांद्यावरून दाराकडे बघत म्हणाल्या, “हा कोण?”

“लेन्सवाले आहेत.”

“लेन्स विकली की घरपोच माणूसही येतो होय?”

खोलीभर हशा पिकला. भिंगवाल्याचा चेहरा लाल झाला. मावशींचा फोटो त्याच हसण्यात निघाला, आणि तो सगळ्यांत चांगला आला.

मग बायका चहाला बाहेर गेल्या. मावशींनी जाता जाता दार लोटून घेतलं. उगाचच.

ती कॅमेरा घेऊन त्याच्याकडे वळली. तो मागे सरकला. मागे कापडाचे गठ्ठे होते.

“तिथूनच काढा ना,” तो म्हणाला.

“तिथून काढायची लेन्स मी आज परत केली.” ती आणखी एक पाऊल पुढे आली. “आता काय बघितलंत, ते सांगा. आता चालेल.”

त्यानं गठ्ठ्यांना टेकलेली पाठ सोडवली. मग म्हणाला, की मी इतकी वर्षं लेन्स विकतो, पण लांब उभं राहणं ही माझी आवड नव्हती, भीती होती, हे मला आज कळलं. “तुम्ही त्यांच्याजवळ बसलात ना… तेव्हा मला त्या बायकांचा हेवा वाटला.”

ती हटली नाही.

“हेवा वाटून घेऊ नका. मला तुम्ही आवडता. तुम्ही बोलणार नाही, हे मला सहाव्या पट्टीलाच कळलं होतं, म्हणून मीच सांगतेय. एकच अट आहे. माझ्यासाठी चांगलं काय, ते मला न विचारता ठरवायचं नाही.”

“नाही ठरवणार.” आणि मग, “मी… जवळ येऊ?”

“हे विचारलंत ते बरं केलंत,” ती म्हणाली. “ये.”

तो आला. इतका जवळ आला, की लेन्सला काही धड दिसेना. तिनं तरीही बटण दाबलं.

संध्याकाळी स्टुडिओत दादा कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो बघत बसला. सकाळच्या फोननंतर तो तिच्याशी बोलला नव्हता. पहिले तीन त्यानं भराभर ढकलले. चौथ्याला थांबला. बदकाच्या फोटोवर त्यानं वडिलांना हाक मारली. मावशींच्या हसण्यापाशी तो बराच वेळ रेंगाळला. “मला वाटलं होतं, चेहरे पसरट येतील,” तो अखेर पुटपुटला. दादाच्या तोंडून माफी येते ती एवढीच, आणि तिला ती पुरली.

मग त्यानं पुढचा फोटो आणला. नुसता गव्हाळ धुरळा, त्यात एक कान आणि अर्धं हसू.

“हा कोण? अगदीच धूसर आलाय. काढून टाकू?”

वडिलांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. तिनं दादाच्या हातातून कॅमेरा काढून घेतला. आवाज चढवला नाही, आणि नजरही चुकवली नाही.

“राहू दे. हा मी निवडलाय, दादा,” ती म्हणाली. “बदलून आणायला जाऊ नकोस.”