हात धुऊन येतो

राणीच्या थडग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या दिवशी पिवळी धूळ उठली होती. वसंतात आमच्याकडे ती उठतेच. बसमध्ये शांघायहून आलेली पाहुणेमंडळी होती, आणि त्यांच्या म्होरक्या होत्या शंग बाई. बाईंना माझं काम आवडलं तर त्यांच्या कंपनीच्या सगळ्या सहली माझ्याकडे येणार होत्या, म्हणून मी सकाळपासून जिभेवर साखर ठेवूनच बोलत होतो. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या शहराच्या तटाच्या आत राहणारं, आजोबा मोठे विद्वान, असंही मी ठोकून दिलं. खरं म्हणजे मी त्याच रस्त्यावरच्या एका खेड्यातला. माझे बाबा अजून तिथल्या टेकडीत कोरलेल्या गुहेतल्या घरात राहत होते.

खेडं जवळ आलं तसा मी मुद्दाम पलीकडच्या बाजूचे मनोरे दाखवायला लागलो. पण शंग बाई खिडकीबाहेर बघत होत्या. टेकडीचा कडा खाली आला होता. माणसं फावड्यांनी माती उपसत होती. बायका नुसत्याच उभ्या होत्या.

"काय झालंय हो तिथे? थांबायचं का?"

"काही नाही, बाई. विहीर खणत असतील."

टेकडीवर विहीर कोण खणतं? ड्रायव्हरनं आरशातून माझ्याकडे पाहिलं. खिशातला फोन थरथरला. बहिणीचं नाव होतं. मी फोन बंद केला, आणि माझ्या आवाजात जराही फरक पडला नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं होतं.

थडग्यासमोर परदेशी दूतांचे डोकी नसलेले दगडी पुतळे रांगेत उभे असतात. "डोकं नाही म्हणून तक्रारही नाही. असे पाहुणे मिळायला भाग्य लागतं," हा माझा नेहमीचा विनोद मी केला आणि मंडळी हसली. धूळ दाट होती. रांगेच्या टोकाला, जिथे एरवी मोकळी जागा असते, तिथे कुणीतरी उभं होतं. त्याला डोकं होतं. मी सगळ्यांना घाईघाईनं जेवायला नेलं.

शा मावशींच्या खानावळीत मटणाच्या रश्श्यात घालायची जाड भाकरी ज्याची त्यानंच मोडायची असते. मोडलेल्या तुकड्यांचा वाडगा मावशी क्रमांकाचा चिमटा लावून आत नेतात, आणि रस्सा घालून ज्याचा त्याला परत आणतात. सगळे हात धुऊन भाकरी मोडत बसले. मटणाचा वास दरवळत होता. मग त्याच्याखालून दुसरा वास आला, ओल्या, नुकत्याच उकरलेल्या मातीचा.

"थ्येवा..."

माझं घरचं नाव. बाबा शेजारच्या बाकावर बसले होते. केसांत, भुवयांत, कानांत पिवळी माती.

"मला पण मोडून दे रे... दात नाहीत. मुगाएवढी बारीक मोड."

शंग बाई माझ्याकडे पाहत होत्या.

"आजोबा, तुमची काहीतरी गफलत होतेय," मी म्हणालो. "तिकडे बसा ना."

"ओळखीचे आहेत का?" बाईंनी विचारलं.

"छे हो. येऊन बसतात असे कुणीकुणी."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून बाईंपुढे मान लववली. "माफ करा हं, बाई. साहेब माझ्या पोरासारखे दिसतात थोडे... माझंच चुकलं." त्यांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "हात धुऊन येतो. किती माती लागलीय..."

आणि ते स्वयंपाकघराकडे गेले. माझं खोटं त्यांनी सांभाळून घेतलं होतं. शरमेनं माझे कान पेटले. मी मान वर न करता भाकरीचे जमतील तसे ढेकळाएवढे तुकडे केले.

"गाइड साहेब, भाकरी मोडलीत की घर बांधायला काढलंत?" मावशी वाडगा उचलत म्हणाल्या. "एवढ्या तुकड्यांत रस्सा मुरत नाही, आमचा आचारी शिव्या घालेल."

त्या गेल्यावर मी टेबलाखाली फोन सुरू केला. तो लगेच वाजला.

"दादा, कुठे आहेस तू?" बहीण रडत नव्हती, त्याचीच भीती वाटली. "कडा कोसळला. बाबा आत होते... आत्ता बाहेर काढलं. पहाटेच गेले असतील म्हणतात." मग ती म्हणाली, "तुझी बस गेली समोरून. मी हात केला होता."

मी उभा राहिलो.

"ते माझे बाबा होते," मी सगळ्यांना सांगितलं.

"मग आम्हाला काय सांगता? आत जा, बोलवा त्यांना," शंग बाई म्हणाल्या.

मावशी वाडगे घेऊन येत होत्या. "आत कुणी आलं नाही बाई. आणि हात धुणार कशानं? मघाशीच नळ गेलाय."

त्यांनी माझ्या क्रमांकाचा वाडगा समोर ठेवला. रश्श्यात भाकरी मुगाएवढी बारीक होती, एकसारखी. माझे दुधाचे दात पडत होते तेव्हा बाबा मला अशीच मोडून द्यायचे.

"ही कुणी मोडली?"

"दुसऱ्याच्या भाकरीला आमच्याकडे कुणी हात लावत नाही," मावशी म्हणाल्या. मग वाकून वाडग्यात पाहिलं आणि चिमट्यावरचा क्रमांक पुन्हा तपासला.

मला खाववलं नाही. बहिणीनं फोनवर सांगितलेलं मी सगळ्यांना सांगून टाकलं. शंग बाईंनीच ड्रायव्हरला गाडी काढायला सांगितली. ज्या रस्त्यावरून मी मंडळींना पळवत आणलं होतं, त्याच रस्त्यानं सगळी मंडळी माझ्या दारात आली. कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं.

अंगणात बाबांना फळीवर निजवलं होतं. केसांत, भुवयांत, कानांत पिवळी माती होती. अजून कुणी पुसली नव्हती. बहीण उशाशी बसली होती. तिनं मला पाहून चादर बाजूला केली.

"गावचे पुढारी बघायला येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "मग यांचे हात कुणी धुतले?"

बाबांचे दोन्ही हात मनगटापर्यंत स्वच्छ होते. अजून ओले होते. नखांत भाकरीचा पांढरा चुरा होता.