नासिरचं तुटक बोलणं

अठ्ठ्याहत्तर सालच्या श्रावणात नासिर दवाखान्यात आला, तो पेशंट म्हणून नव्हे. वॉर्डातला वजनकाटा दुरुस्त करायला. मार्केट यार्डातले काटे तोच बघायचा.

"सिस्टर, तुमचा काटा दीड किलो जास्त दाखवतो," तो खोकत म्हणाला. "निम्मे पेशंट उगाचच सुधारून घरी गेले असतील."

"काट्याचं राहू द्या. हा खोकला कधीपासून?" सुरय्याने विचारलं.

"आठ दिवस झाले. पण तुम्ही विचारलंत... आता कमी वाटतोय."

तिने हसू दाबून थर्मामीटर पुढे केला. ताप एकशे तीन! संध्याकाळी तो त्याच वॉर्डात खिडकीजवळच्या खाटेवर होता. न्यूमोनिया.

ती त्याला उशांना टेकवून बसवायची, कफ सुटावा म्हणून पाठीवर थापट्या मारायची.

"रोज दोनदा मारता. घरी कळलं तर?"

"कळू द्या. श्वास घ्या. खोल."

खिडकीतून भिजलेल्या कडुलिंबाचा वास यायचा. नजरानजर व्हायची, आणि दोघंही घाईने दुसरीकडे बघायची.

गुरुवारी तिने सांगून टाकलं, "रविवारी मला बघायला लोणी काळभोरचे पाहुणे येताहेत."

त्याने खिडकीकडे कूस बदलली. शुक्रवारी सकाळी मात्र म्हणाला, "सिस्टर... मला तुम्हाला... एक..."

तिचे कान तापले. "सांगा ना."

"त्या पाहुण्यांच्या... आधी..."

एवढा बोलका माणूस, आणि किती लाजतोय! जरा छळावं म्हणून ती मुद्दाम चादर नीट करत राहिली. मग तिचं लक्ष त्याच्या बोटांकडे गेलं. नखं निळसर होती. नाकपुड्या फुलत होत्या. तिने छातीकडे बघत श्वास मोजले – मिनिटाला अडतीस.

तो लाजत नव्हता. त्याला दम पुरत नव्हता.

तिने त्याला ताठ बसवलं, ऑक्सिजन लावला, धावत डॉक्टरांना आणलं. फुप्फुसाभोवती पाणी साचलं होतं. दुपारी ते सुईने काढलं.

"सुरय्या," मुख्य नर्स विजयमालाबाई म्हणाल्या, "पेशंटच्या चेहऱ्याकडे जरूर बघावं. ओठांचा रंग बघायला."

शनिवारी तिने आधी श्वास मोजले. बावीस.

"काल काही सांगत होतात..."

"तुमची हरकत नसेल तर अम्मीला तुमच्या घरी पाठवू का?" तो एका दमात म्हणाला.

तिचे डोळे भरले. "काल माझ्या चुकीने तुमचा जीव गेला असता. दम लागलेला माणूस न ओळखणाऱ्या बाईला..."

"ओळखलंत की! जरा उशिरा, एवढंच."

तिने डोळे पुसले. "अम्मींना उद्या चारनंतर यायला सांगा."

ड्युटी संपल्यावर ती थेट अब्बांच्या दुकानात गेली. "अब्बा, लोणीच्या पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवा. उद्या दुसरे येणार आहेत."

अब्बांनी चष्म्यावरून बघितलं. "बरं. आणि मुलगा?"

"तो नाही येणार," सुरय्या म्हणाली. "अजून चार दिवस मी त्याला खाटेवरून उठू देणार नाही."