खोडलेली ओळ

अनुष्का, तू विचारलंस की गोष्टी हाताने लिहू की कम्प्युटरवर. चार वर्षांपूर्वी विचारलं असतंस तर मी तुला अर्धा तास भाषण दिलं असतं. आता तेवढी ताकद नाही. घडलं ते सांगते. चहा घे. दारावर काही वाजलं, तर मात्र तू उठू नकोस.

२००४ साली मी आणि नीरज दिवाळी अंक काढत होतो. एम.ए. होऊन वर्ष झालं नव्हतं आणि मराठी साहित्य आपणच सुधारणार याची मला खात्री होती. मी नियम केला : हस्तलिखित घेणार नाही, फ्लॉपी नाहीतर सीडी द्या.

"रुचिता, अशाने अंकात तू आणि मी दोघंच उरू," नीरज म्हणाला.

तसंच झालं. ऑक्टोबर उजाडला तरी हाताशी चारच कथा होत्या. शेवटी नियम गुंडाळून मी गोडदेवला पंढरीनाथ म्हात्रे मास्तरांकडे गेले. शाळेतून निवृत्त झालेले, चांगलं लिहितात असं ऐकलं होतं. त्यांची कथा वहीतून उतरवायची आणि मीच टाइप करायची, असं ठरलं.

चार बाजूंनी इमारती उठलेल्या आणि मधे त्यांचं बैठं कौलारू घर. भर दुपारी आत दिवा लावावा लागे. मास्तर खिडकीशी लिहीत बसले होते. एक वाक्य लिहायचे, मग पेनाचं टोपण टेबलावर दोनदा आपटायचे. टक-टक. पुन्हा एक वाक्य. टक-टक. पाच मिनिटांत माझा जीव मेटाकुटीला आला.

"मास्तर, कम्प्युटर शिका. किती सोपं होईल."

"सोपं हाय म्हणूनच नको, बाय."

त्यांची सून शालन पाणी घेऊन आली. "एकेचाळीस वह्या झाल्यात, ताई. समद्यांत एकच गोष्ट. माळ्यावरच्या उंदरांना पण पाठ झाली असंल."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. गोष्ट त्यांच्या धाकट्या भावाची होती, सदूची. त्यांचं मिठागर होतं. भरतीच्या वेळी खाडीचं पाणी अडवायला उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराची, फळी पाडावी लागे. त्या दिवशी पाळी पंढरीनाथची होती. तो पुस्तक वाचत पडला, आणि त्याच्याऐवजी फळी पाडायला सदू गेला. तिसऱ्या दिवशी सापडला. अंगावर मीठ वाळलेलं होतं.

शेवटच्या पानावर शेवटची ओळ जाड रेघेने खोडली होती, पण वाचता येत होती. 'सदू दाराशी आला.'

"ही वळ मी लिवत न्हाय," मास्तर हळू आवाजात म्हणाले. "हातच लिवतो. मंग मी खोडतो. खोडली का तो थांबतो... तू उतरवशील तशी उतरव. वळ पन ठेव, वरची रेघ पन ठेव."

"कम्प्युटरवर खोडत नाहीत, मास्तर. पुसतात. काही शिल्लकच राहत नाही."

त्यांनी टोपण आपटलं. टक-टक.

"मंग पुसलेला जातो कुठं?"

मी वही पिशवीत टाकून उठले. मला रिक्षा पकडायची होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी इथेच, पूनम सागरच्या या चौथ्या मजल्यावर, मी टाइप करायला बसले. गोष्ट फार सुंदर होती, पण शेवटच नव्हता. भाऊ बांधावरून घराकडे चालत येतोय, आणि संपलं. असं कसं छापायचं? खोडलेली ओळ पुन्हा वाचली. हाच तर शेवट होता! म्हातारा उगाच घाबरतोय, संपादकाने धीट असायला हवं. मी ओळ टाइप केली. रेघ ठेवली नाही. पूर्णविराम दिला, तेव्हा स्वयंपाकघरात पिंपात पाणी पडायला लागलं. म्हणजे तीन वाजले होते. आमच्याकडे तीनलाच पाणी येतं.

पंख्याच्या वाऱ्याला ओहोटीच्या चिखलाचा वास आला. मला वाटलं, पाणीच खराब आलंय.

संध्याकाळी शालनचा फोन आला. "मास्तर गेले... तीनच्या सुमाराला. कोनतरी दार वाजवतंय म्हनाले नि उठले. मी मागं कपडे धूत होते. मला काय आवाज आला न्हाय. येऊन बघते तर दारात पडलेले. नि उंबऱ्यावर पानी, ताई. पाऊस न्हाय, काय न्हाय."

मी रात्रभर बसून राहिले. सकाळी पहिल्यांदा ती ओळ पुसली, फाइल सेव्ह केली. दुपारी उघडली तर ओळ जागेवर. पुन्हा पुसली. पुन्हा आली. नीरज म्हणाला, "सेव्ह करायला विसरतेस आणि भुताचं नाव घेतेस." त्याने स्वतः पुसली, माझ्यासमोर. तो जिना उतरेपर्यंत ती परत आली होती.

आणि तीन वाजता आमचं दार वाजलं. थप्... थप्... ओल्या तळहाताने वाजवल्यासारखं.

"बघते गं कोण आहे," म्हणत आई पाण्याचा पाइप टाकून निघाली. मी तिचा हात धरला. तिला वाटलं, मला ताप आलाय. त्या दिवशी ते पंधरा मिनिटं वाजत होतं.

मी काय काय केलं ते विचारू नकोस. फाइल उडवली. कम्प्युटर कोरा करून घेतला. दुसऱ्या दिवशी पडद्यावर एकच ओळ. तिच्यावर तिथल्या तिथे आडवी रेघही मारून पाहिली, तशी सोय असतेच. दार वाजतच राहिलं. ती रेघ माझ्या हाताची नव्हती ना.

मग मी गोडदेवला गेले. शालनने मास्तरांचं पेन आणि एक कोरी वही दिली. "टोपन काय घावलं न्हाय, ताई. समदं घर शोधलं." मी टाइप केलेलं तिला माहीत नव्हतं. अजूनही मी सांगितलेलं नाही.

तीनला पाच कमी असताना मी वहीत ओळ लिहिली आणि खोडली, दाबून, कागद फाटेल इतकी. दार वाजलं नाही.

तेव्हापासून हेच. रोज, न चुकता. अंक निघाला नाही. मी दोन नोकऱ्या सोडल्या, कारण तीन वाजता टेबलावर वही काढून बसलेली बाई कुणाला चालत नाही. मला कादंबरी लिहायची होती, अनुष्का. चार वर्षांत मी एकच ओळ लिहिली आहे आणि ती रोज खोडली आहे. या अकराव्या वहीतही तेवढंच.

काल मात्र हात वेगळं लिहून गेला. 'दोघे दाराशी आले.'

मी लगेच खोडलं. तळहाताचा आवाज आला नाही. पण दुसराच एक आला, हलका, कोरडा, अगदी सावकाश. दोनदा, मग थांबून दोनदा. मी दहा वेळा रेघ मारली. थांबला नाही. आई म्हणाली, "कुणी म्हातारं माणूस दिसतंय, उघडू या का गं?" मी नको म्हटलं. दिवेलागणीला तो आपोआप बंद झाला.

तर, हाताने की कम्प्युटरवर... कालपर्यंत मी तुला हाताने असंच सांगितलं असतं.

आज सकाळी आईने केर काढला. दार काल दुपारपासून उघडलेलंच नव्हतं. कम्प्युटरच्या टेबलाखालून तिने एक जुनं पेनाचं टोपण काढलं आणि मला म्हणाली, "हे तुझ्या पेनाचं ना? धुऊन घे. आत सगळं मीठ भरलंय."