पोचा कुठे गेला?

आमच्या गॅरेजमध्ये दादा पत्रा ठोकतो आणि मी रंग मारते. भाऊ-बहीण एकत्र काम करणार म्हणजे भांडण आलंच. दादा म्हणतो, रंग काय, कोणीही फासेल. मी म्हणते, ठोकाठोकी तर वहिनीलाही जमते, रोज तुझी करतेच की. मग मागच्या खोलीतून वहिनी ओरडते, "ऐकू येतंय हं मला!"

तर त्या आठवड्यात दातांच्या डॉक्टरांची गाडी आली. त्यांच्या वडिलांच्या वेळची, गुबगुबीत, फिकट हिरवी. ड्रायव्हरच्या दाराला एकच पोचा, तळहात मावेल एवढा.

"जुन्या गाड्यांचं प्रदर्शन आहे," डॉक्टर म्हणाले. "तेवढी कीड काढून द्या."

"काढतो की! आणि भूल न देता," दादा म्हणाला.

त्याने दाराचं आतलं कव्हर काढलं, मागून लोखंडी ठोकळा टेकवला आणि पुढून हातोडी चालवली. हलके हलके ठोके, मध्येच डोळे मिटून पत्र्यावरून हात फिरवायचा, पुन्हा ठोके. चहा येईपर्यंत दार झक्क झालं.

मी घासायला बसले, तर पुढच्या मडगार्डवर पोचा. तेवढाच.

"दादा, हा कुठून आला?"

"तूच काहीतरी आपटलं असशील, धांदरट."

यावर आमचं यथासांग भांडण झालं. मग त्याने तोही काढला. तर तो बॉनेटवर! आता मी काही भोळी नाही. पत्रा एकीकडे दाबला की शेजारी फुगतो, हे मलाही कळतं. पण मडगार्ड वेगळं, बॉनेट वेगळं, मध्ये बोट जाईल एवढी फट.

"लपाछपी खेळतोय लेकाचा!" दादा भलताच खूश झाला.

बॉनेटवरचा निघाला आणि गाडी साफ झाली. आम्ही चारही बाजूंनी फिरून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. इतक्यात वहिनी पातेलं घेऊन बाहेर आली. "माझ्या नव्या पातेल्याला पोचा कोणी पाडला?" दादा आणि मी पोट धरधरून हसलो. वहिनीला काही कळेना, ती पातेलं तिथेच आपटून गेली.

गाडीला रंग मारून झाला, वाळला, पॉलिश झालं. डॉक्टर गाडी न्यायला येणार त्या सकाळी दादाला पातेल्याची आठवण झाली. दोन मिनिटांत त्याने ते सरळ केलं आणि हात झटकत स्टुलावर बसला.

"हे स्टूल एवढं आरामशीर कधीपासून झालं गं?"

मी त्याला उठवलं. लाकडात खोलगट खळगा होता. कुठे तडा नाही, चीर नाही. लाकडाच्या रेषा अलगद खाली उतरून दुसऱ्या बाजूने वर आल्या होत्या. मला हसू आलं नाही. दादाने मात्र स्टूल उलटं केलं आणि खालून ठोकलं, निव्वळ गंमत म्हणून.

पोचा भिंतीवरच्या आरशात गेला.

काच फुटली नव्हती. नुसती आत गेली होती. तिच्यात आमची तोंडं चिमटल्यासारखी दिसत होती, आणि दादा स्वतःलाच वेडावून दाखवत होता. मी बोट लावून पाहिलं. खरंच खळगा होता.

"दादा, आता राहू दे."

"राहू दे म्हणजे?"

"गाडी झाली ना? मग असू दे त्याला आरशात. आधी पत्रा, मग लाकूड, आता काच. पुढे कुठे जाईल?"

"कुठे जाईल?"

"इथे आता आपणच उरलोय." मी घाबरले होते, उगाच कशाला लपवू?

दारात वहिनी येऊन उभी होती. "अहो, ऐका ना तिचं."

"माझ्या हातात आलेला पोचा मी आजवर ठेवलेला नाही," दादा म्हणाला. त्याने आरसा खाली उतरवला, फडक्यावर पालथा घातला आणि रबरी हातोडी उचलली.

मी डोळे मिटून घेतले.

आरसा सपाट झाला.

आम्ही तिघांनी आपापले हात पाहिले, तोंडं चाचपली. वहिनीने दादाचं डोकं दोन्ही हातांनी तपासलं. "इथे आहे थोडं चेपलेलं," ती म्हणाली, "पण ते लग्नाच्या आधीपासून!" कितीतरी वेळ आमचं हसू थांबेना. जिवात जीव आला.

तेवढ्यात डॉक्टर आले. दारावरून हात फिरवून म्हणाले, "वा! हा हात दवाखान्यात हवा होता." हॉर्न वाजवत गाडी घेऊन गेले. दादा रस्त्यावर उभा राहून हात हलवत होता, लहान मुलासारखा आनंदात. मला त्याचा इतका अभिमान वाटला की मी मागून जाऊन त्याच्या पाठीवर थाप मारली.

"शाबास रे दादा!"

माझा तळहात आत बसला.

शर्टासकट, मनगटापर्यंत.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"काय दुखतंय?" तो हसला. मागे वळलाही नाही.

मी हात काढला नाही.

"चहा टाकू का?" म्हणत वहिनी मागून येत होती.

"टाक टाक," दादा म्हणाला. "आणि तू हात काढ की आता."

"थांब जरा," मी म्हटलं. त्याला कळलं असतं, तर तो हाही पोचा काढायला बसला असता.