हिरडी भरून येईपर्यंत

दारातला माणूस तोंडावर रुमाल धरून काहीतरी पुटपुटत होता. एक अक्षर कळेल तर शपथ! हातातला ब्रश खाली न ठेवताच ती म्हणाली, "आधी रुमाल काढा."

त्याने काढला. तिने एकदाच बघितलं आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अय्या... तुम्ही!"

"आपली... ओळख आहे?"

ओळख होती, पण एकाच बाजूने. गेले दोन दिवस त्याच्या वरच्या दातांचा प्लॅस्टरचा साचा तिच्या टेबलावर होता. ती आणि तिचे बाबा दातांच्या कॅप बनवायचे. दवाखान्यांतून साचे यायचे, त्यांवर हे दोघं दात घडवायचे आणि परत पाठवायचे. माणसं क्वचितच यायची. मग ती साच्यांवरूनच माणसं ओळखायचा खेळ खेळायची. हा झोपेत दात खातो, ही एकाच बाजूने चावते... पण या साच्याने मात्र तिला हैराण केलं होतं. समोरचा एक दात पार हिरडीपाशी तुटलेला आणि शेजारच्या दाताच्या कडेला बारीकशी खाच. हा माणूस वर्षानुवर्षं दातांत काहीतरी धरत आला होता. बाबा म्हणाले होते, सुतार असेल, खिळे धरतो. ती म्हणाली होती, शिंपी. टाचण्या.

"दातांत काय धरता हो तुम्ही?" तिला राहवेना.

"शिट्टी."

कोपऱ्यातल्या टेबलावरून बाबांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं.

"गैरसमज नको," तो घाईघाईने म्हणाला, "फुटबॉलचा पंच आहे मी. चेंडू तोंडावर बसला. शिट्टी वाचली, दात गेला." त्याच्या प्रत्येक 'श'मधून वारा सुटत होता. ती हसू दाबायला गेली आणि जास्तच हसली.

त्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला दोन कामांसाठी पाठवलं होतं. दाताचा रंग जुळवायला आणि कॅप बसेल का, हे तिच्या नजरेखालून घालायला. तिने त्याला खिडकीपाशी उजेडात उभं केलं आणि रंगांची पट्टी त्याच्या ओठांशी धरली.

"वर काय बघताय? इकडे बघा."

"इकडे म्हणजे... तुमच्याकडे?"

"खिडकीबाहेर."

तो बाहेर बघू लागला. ती मात्र पट्टी खाली घेऊन आणखी जवळ वाकली. साच्यावर वाटलं होतं त्याहूनही दात थोडका उरला होता, जेमतेम दोन मिलिमीटर.

"टोपी घालायला डोकं तर हवं ना," ती म्हणाली. "दात आहे, पण हिरडीखाली दडलाय. आधी हिरडी कापून वर घ्यावी लागेल, कडेचं हाडही जरासं घासावं लागेल. मग दात उघडा पडेल. त्यानंतर तीन महिने थांबायचं, हिरडी नीट भरून येईपर्यंत."

"तीन महिने?" त्याचा चेहरा उतरला. "रविवारी अंतिम सामना आहे. सात वर्षांत पहिल्यांदा मला दिलाय. आत्ता नुसता चिकटवून द्या. चार दिवस टिकला तरी पुरे."

चार दिवस टिकलाही असता. हो म्हणणं सोपं होतं, आणि त्याच्या डोळ्यांत बघून तर फारच सोपं.

"धावताना निसटला तर तो मैदानावर पडणार नाही, तुमच्या घशात जाईल. मी नाही बनवणार."

तो रुमाल पुन्हा तोंडावर धरून निघून गेला. "बरोबर बोललीस," बाबा म्हणाले. तरी दिवसभर तिचं कशात लक्ष लागेना.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "अगं, तुझा तो पंच तयार झालाय. पण त्याची एक अट आहे. जिने नकार दिला, तिने समोर उभं राहायचं. येतेस?"

ती गेली. त्याच्यासाठी गेली असं तेव्हा कोणी म्हटलं असतं, तर तिने कानावर हात ठेवले असते. अकरा वर्षं ती पांढऱ्या प्लॅस्टरवर काम करत होती. जिवंत हिरडीखाली असतं तरी काय, हे तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं.

बाईंनी जागा बधिर केली. बारीक पातं फिरलं, नखाच्या कोरीएवढी हिरडी अलगद निघाली आणि आतून दात दिसला. ओला, पिवळसर, कधीही उजेड न पाहिलेला. ती इतकी वाकली, की बाई म्हणाल्या, "डोकं बाजूला घे गं, मलाही दिसू दे!" मग हाड घासण्याचा आवाज सुरू झाला, आणि तिच्या ओढणीला ओढ बसली. खुर्चीतल्या माणसाने तिचं टोक मुठीत धरलं होतं. तिने ते सोडवून घेतलं नाही.

टाके पडल्यावर तो बधिर ओठांनी बोबडं बोलला, "काय... दिशलं?"

"आजवर कोणीच बघितलं नव्हतं ते," ती म्हणून गेली आणि तिचे कान तापले.

अंतिम सामना दुसऱ्याच पंचाने खेळवला. टाके निघाल्यावर बाईंनी याला तात्पुरता दात बसवून दिला, पण शिट्टी दातांत धरायची नाही, अशी तंबीही दिली. ते सगळे दिवस तो साहाय्यक पंच म्हणून झेंडा घेऊन रेषेवर उभा राहिला. आणि अधूनमधून तिच्या दारात. रंग पुन्हा एकदा बघायला! सकाळच्या उन्हात, मग ढगाळ हवेत, मग संध्याकाळच्या उजेडात.

"इतके रंग तर आकाशालाही नसतात," बाबा साच्याला उद्देशून म्हणाले.

तो विचारायचा, भट्टीत घालताना दात एवढा मोठा का दिसतो? ती सांगायची, भाजला की आक्रसतो. ती विचारायची, खरोखर पडलेला आणि नाटक करणारा तुम्हाला कळतो कसा?

"खरा पडतो तो आधी हात टेकतो. नाटक करणारा आधी माझ्याकडे बघतो."

"म्हणजे तुमच्याकडे बघणारे सगळे नाटकीच?"

"मैदानावर," तो म्हणाला. "इथलं... अजून ठरवलं नाही."

तीन महिने सरले. हिरडी गुलाबी, घट्ट झाली. तिने दात केला, भाजला, शेजारच्याशी जुळवला. बाईंनी तो बसवला. छान बसला, असा निरोप आला. आणि मग काहीच आलं नाही. एक दिवस, चार दिवस, नऊ दिवस. इतके दात तिने आजवर पाठवले होते, पण पुढे त्यांचं काय झालं, हा प्रश्न तिला कधी पडला नव्हता. आता दुसरा प्रश्नच सुचेना. तो कसा हसत असेल?

"जा, बघून ये," शेवटी बाबाच म्हणाले. "सकाळपासून दोन साचे फोडलेस."

रविवारी ती मैदानावर गेली. तो धावत होता, शिट्टी वाजवत होता. त्याने एक पेनल्टी दिली, तेव्हा अर्धं मैदान त्याच्यावर ओरडलं. तो जागचा हलला नाही. सामना संपल्यावर त्याला ती कठड्यापाशी दिसली. तो आला आणि चार हातांवर थांबला.

"दात घट्ट आहे," तो म्हणाला. "बघायचाय?"

"नाही."

"मग...?"

"दात बघायला नाही आले मी. नऊ दिवस झाले, तू—" ती अडखळली. तू! हे कुठून आलं?

तो जवळ आला. "यायचं कारणच संपलं होतं गं. रोज नवं शोधत होतो. एकदा तर वाटलं, शेजारचा दात पाडून घ्यावा..."

"वेडा आहेस का? पुन्हा हिरडी कापावी लागली असती!"

"पुन्हा तीन महिने मिळाले असते."

तिने कठड्याचा रंग नखाने खरवडला.

"मला आवडतोस तू," ती शेवटी खाली बघत म्हणाली. "झालं, सांगितलं."

"मलाही... केव्हापासून. तू रुमाल काढायला लावलास ना, तेव्हापासून." मग जरा थांबून, "काहीच काम नसताना आलो तर चालेल?"

"ये ना. उद्याच ये." ती दोन पावलं गेली आणि वळली. "बाबा दहाला येतात. तू... नऊला ये."

तो हसला. तोंडभर, काही न झाकता. आणि घरी पोचल्यावर बाबांनी विचारलं, "काय मग, कसा दिसतोय दात?" तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, तो बघायचा राहूनच गेला होता.