काळ्याच्या मानेवर

काळ्या घोड्याला संध्याकाळी इंजेक्शन देऊन संपवायचं ठरलं होतं. तबेल्याच्या मालकाच्या लेकीने वहिनींना बोलावून घेतलं, ते त्याच दिवशी दुपारी.

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. त्यांना वहिनी म्हणणारा हक्काचा माणूस एकच, त्यांचा दीर. पण गाडी तोच चालवायचा आणि सगळीकडे सोबत असायचा, त्यामुळे अशिलंही त्यांना वहिनीच म्हणू लागली होती.

"काळ्याने बाबांना मारलं, हे खरं आहे," लेक म्हणाली. "पण बाबांना बाहेर का पडता आलं नाही, ते मला कुणी सांगत नाही."

तिने काळ्याचं ठाण दाखवलं. दार छातीएवढं, जाड फळ्यांचं. वरची कडी आतला माणूस हात बाहेर काढून उघडू शकत होता. खालची पार जमिनीलगत, बाहेरून वाकूनच लावायची. घोडा लाथा झाडत असताना बाबांनी वरची कडी काढली होती. खालची लागलेली होती. कुणीतरी सवयीने लावली असेल, असं म्हणून पोलिसांनी अपघाताची नोंद केली होती.

त्याला तीन दिवस झाले होते. तेव्हापासून काळ्याजवळ जायची कुणाची छाती झाली नव्हती. चारा वरून टाकत. घोडा त्या चार भिंतींत गरगर फिरत होता, थांबत होता, पुन्हा फिरत होता. अंगावर घाम वाळून पांढरा झाला होता आणि मानेवर गोमाश्या बसल्या होत्या.

शेजारच्या ठाणात पांढरी घोडी निवांत उभी होती. शेपूटही हलवत नव्हती.

लेकीने सांगितलं, गोमाश्यांचे दिवस आले की बाबा सगळ्या घोड्यांना औषध लावत. बारीकशी ट्यूब असते. केस बाजूला सारून थेट कातडीवर थेंब सोडायचे, कानांमागून सुरू करून पाठीच्या कण्यावरून शेपटीपर्यंत. मग दोन आठवडे माशी फिरकत नाही. त्या दुपारी बाबांनी आधी घोडीला लावलं, मग काळ्याकडे गेले. रिकामी ट्यूब आत गवतात सापडली होती.

"भाऊजी, काळ्याच्या मानेवर काय दिसतं?" वहिनींनी विचारलं.

"माश्या."

"आणि माश्यांखाली?"

दिराने मान उंचावून पाहिलं. कानांमागून खांद्यापर्यंत कातडीवर एक सुजलेली, लालसर रेघ होती. खांद्यापाशी ती संपली होती. घोड्याने मान फळीवर घासली असेल, असं त्याचं मत पडलं. 

आधी वहिनी घोड्यांची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला भेटल्या. मालकांशी त्याचं अपघाताच्या आदल्याच दिवशी वाजलं होतं, त्यामुळे सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या आणि तो पार कोमेजून गेला होता. त्या दुपारी तो दूरच्या कुंपणाला रंग देत होता. किंकाळी ऐकून धावला, तोवर मालकांच्या मेहुण्यांनी, मामासाहेबांनी, त्यांना बाहेर ओढलं होतं. मालकांचा उजवा हात लकव्याने गेलेला होता. ट्यूबचं टोक दोन्ही हातांनी पिरगाळून तोडावं लागतं, ते दर वेळी मोतद्दार करून द्यायचा. त्या दिवशी मालकांनी त्याला हाकच मारली नव्हती.

"रंगात घालायचं टर्पेंटाइन कुठे ठेवता?" वहिनींनी विचारलं.

"ऑफिसच्या बाहेर, पायरीवर. कुणीही घ्यावं."

मग घोड्यांचे डॉक्टर. औषध त्यांनीच आणून दिलं होतं. घोड्याला ते सोसतं, त्याने घोडा बिथरत नाही, हे त्यांनी ठामपणे सांगितलं. मांजराला मात्र ते विष. थोडं जरी अंगाला लागलं तरी झटके येतात. ऑफिसातल्या मांजरीला त्याच संध्याकाळी झटके आले होते. सुई टोचून कशीबशी वाचवली.

राहिला मामा. लेकीच्या आईचा भाऊ, तबेल्याचा सगळा कारभार बघणारा. ऑफिसची किल्ली त्याच्या कमरेला असे. माश्या येऊ नयेत म्हणून त्याने दारं-खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि आत जीव घुसमटत होता. तो म्हणाला, आपण दुपारभर इथेच होतो, आरडाओरड ऐकून धावलो. बेसिनखाली खोक्यात मांजर जुन्या टॉवेलवर पडली होती, मागच्या पायाला प्लॅस्टर. दिराने तिच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हा मामा हळवा झाला. पाय मोडल्यापासून तिने उंबरा ओलांडलेला नाही, मी तिला दार उघडून बाहेर जाऊच देत नाही, म्हणाला.

वहिनींनी सगळ्यांना तिथेच बोलावलं. दार पुन्हा लावलं गेलं.

"मालक अर्ध्यावर थांबले," त्या म्हणाल्या. "रेघ खांद्यापर्यंतच आहे. मग ट्यूब पूर्ण रिकामी कशी? आणि औषध तिथे पोचलं असेल, तर गोमाश्या नेमक्या तिथेच कशा बसतात? घोडीवर तर एकही नाही."

"म्हणजे ट्यूबमध्ये औषध नव्हतं," दीर सावकाश म्हणाला.

"टर्पेंटाइन होतं. कातडी भाजत गेली आणि घोडा पिसाळला. नंतर ती ट्यूब उचलून दुसरी, खऱ्या औषधाची रिकामी ट्यूब तिथे टाकली. ते खरं औषध कुठे ओतलं?"

मोतद्दार, डॉक्टर, लेक, सगळ्यांनी बेसिनकडे पाहिलं.

"सांडलं ते हाताशी आलेल्या टॉवेलने पुसलं. टॉवेल पुन्हा खोक्यात. मांजर तर या खोलीबाहेर गेलेली नाही, म्हणजे औषध तिच्यापर्यंत आलं. खोलीची किल्ली एकाकडेच. मालकांना एका हाताने ट्यूब उघडता येत नव्हती आणि मोतद्दाराला त्यांनी बोलावलं नाही, कारण ट्यूब उघडून त्यांच्या हातात देणारा दुसरा होता. तो त्यांच्या मागोमाग गेला आणि दारापाशी वाकला."

मामा मांजरीकडे बघत होता. "हिचं माझ्या लक्षातच आलं नाही," तो म्हणाला. "तेवढं एक वाईट झालं."

"मामा," लेक म्हणाली. 

मग त्याने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. दोनदा त्याचं लग्न ठरलं होतं. दोन्ही वेळा भावजींनी, म्हणजे मालकांनी, मुलीकडच्यांना काहीबाही सांगून मोडलं, कारण त्याच्यावाचून तबेला चालला नसता. गेल्या महिन्यात वेगळं राहायची परवानगी मागितली, तर चारचौघांत हसले. आतून दार उघडत नाही म्हणजे काय होतं, ते त्यांना एकदा कळायला हवं होतं, असं तो म्हणाला.

दिराला राहवलं नाही. "पण तुम्हाला कुणी बांधून घातलं होतं? उठून निघून जायचं."

मामाने लेकीकडे पाहिलं. "हिची आई गेली तेव्हा ही चार वर्षांची होती. माझ्या हातून जेवल्याशिवाय झोपायची नाही. कसा जाणार होतो?"

 खिडकीच्या काचेवर बाहेरून माश्या आपटत होत्या.

लेकीने डॉक्टरांना काळ्याची सुई ठेवून द्यायला सांगितलं. मोतद्दाराला पोलिसांना फोन करायला सांगितलं. वहिनी आणि दीर उठले, बाकीचे त्यांच्यामागून बाहेर पडले. ती मात्र मामाच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. पोलीस येईपर्यंत ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही, आणि उठूनही गेली नाही.