एक बाहुली कमी

दापोड्याच्या गोदामात माझं काम काय, तर लोकांनी परत पाठवलेली खेळणी खेळणं. ठोकळ्यांचा डबा आला की मी तो टेबलावर ओततो, पुस्तिका बघून अख्खं खेळणं जोडतो, फोटो काढतो, मोडतो, परत भरतो आणि फॉर्मवर शेरा लिहितो. बाकीचे चेकर डबा काट्यावर ठेवतात आणि वजन जुळलं की सोडून देतात. मला ते जमत नाही. अपुरा डबा माझ्या टेबलावरून गेला तर जेवण गोड लागत नाही. माझी बायको ललिता शेजारच्याच टेबलावर असते. ती म्हणते, "तुमाला खाज हाय नुसती."

ते अवकाशयान सोमवारी आलं. अकराशे सव्वीस तुकडे. पंखांचे सांधे झकास, आतली यंत्रं मन लावून केलेली. काचेचं झाकण मात्र नीट बसत नाही आणि स्टिकर माणसाचा अंत पाहतात. बाहुले अप्रतिम. केस, डोकं, धड, पाय असे सुटे भाग, आणि चेहरे इतके बारकाईनं छापलेले की कपाळावरच्या आठ्या मोजाव्यात. चार खुर्च्या, चार बाहुले. तरी गिऱ्हाइकाची तक्रार होती: 'एक बाहुला कमी. चष्मा, पांढरी मिशी, डाव्या हातात कप.'

खोटारडा मेला, असं म्हणून मी खुर्च्या पुन्हा मोजल्या. पाच होत्या. डब्यावरच्या चित्रातही पाच जण बसले होते. माझीच नजर चुकली असणार. असं झालं की आम्ही खिचडी क्रेट उपसतो. मोडक्या डब्यांतले सुटे भाग त्यात पडलेले असतात. तिथून कमी असलेला भाग भरायचा आणि डबा पुढं ढकलायचा. कंपनीचा नियम नाही हा, आमची पद्धत आहे. चष्मेवाला अगदी वरच सापडला, मिशी आणि कपासकट. मी त्याला पाचव्या खुर्चीत दाबून बसवलं आणि शेरा लिहिला: 'पूर्ण.'

जेवणाच्या सुट्टीत मी रामदासमामांना हाक मारली. मामा आमच्या ओळीतले सगळ्यात जुने चेकर. पांढरी मिशी, चष्मा, डावखुरे. चहाचा कप हातातून सुटायचा नाही. त्यांचं टेबल जागेवर नव्हतं. रिकामी जागाही नव्हती. बाकीची टेबलं सरकून ओळ पुरी झाली होती.

"मामा कुठं गेले?" मी ललिताला विचारलं.

"कोनाचे मामा?"

"रामदासमामा."

"असा कोन न्हाय हितं," ती म्हणाली आणि डब्यातली भाजी माझ्या पोळीवर वाढली.

मी चार जणांना विचारलं. चौघांनी माझ्याकडे ताप आल्यासारखं पाहिलं. माझा देवावर विश्वास नाही, भुतांवर तर त्याहून नाही. मी गप्प बसलो, कारण ललिताला सहावा महिना लागला होता आणि तिला कसलाच घोर लावायचा नव्हता. लग्नाला आठ वर्षं झालेली. याआधी दोनदा राहिलं आणि दोनदा गेलं. या खेपेला मी तिला पाण्याची बादलीसुद्धा उचलू देत नव्हतो. जगात मला दुसरं काही नको होतं.

बुधवारी तोच डबा परत आला. डब्याच्या चिकटपट्टीवर माझी सही होती. तक्रार नवी होती: 'अजून एक बाहुली कमी. नाकात चमकी, हिरवी ओढणी.'

मी मान वर केली. ललितानं हिरवी ओढणी घेतली होती. चमकी तिची नेहमीचीच.

यानात सहा खुर्च्या होत्या.

क्रेटमध्ये ती वरच पडली होती, तोंड माझ्याकडे करून. तोच चेहरा. डाव्या भुवईवरची खूणही होती, लहानपणी चुलीपाशी भाजल्याची. हिरव्या धडावर पोटाशी एक गोल रेघ छापली होती. चष्मेवाला मामा पाचव्या खुर्चीतून समोर बघत होता.

मी बाहुली उचलली आणि क्रशरच्या पिंपात टाकली. शेरा लिहिला: 'भंगार.' अक्षर चांगलं आलं.

गुरुवारी सकाळी डबा माझ्या टेबलावर होता. बाहुली क्रेटमध्ये वरच होती.

गेटवरच्या मशीननं ललिताचा अंगठा घेतला नाही. "बिघडली असेल," ती म्हणाली आणि तशीच आत आली. पण सुपरवायझर केसरीनाथशेठ, जे चार वर्षं रोज तिची हजेरी घेत आले होते, तिच्यासमोर उभे राहिले.

"ए मिलिंद, ही बाई कोन आनलीस? बाहेरच्याला आत घेत न्हाय आपन."

"शेठ, सकाळी सकाळी मस्करी करता काय?" ललिता हसली.

शेठ हसले नाहीत. "दहा मिन्टांत बाहेर काढ हिला. मी हितंच उभा हाय."

मी तिच्या टेबलाकडे पाहिलं. काल दोन टेबलांच्या मध्ये हातभर जागा होती. आता तिच्या टेबलाची कड माझ्या टेबलाला टेकली होती.

त्या वेळी पॅकिंगवरची चंद्रा स्वतःचं स्टूल घेऊन आली. "ताई, तुमी बसा. पाय सुजलेत तुमचे," ती म्हणाली आणि उभ्यानंच परत कामाला लागली. पंधरा दिवसांपूर्वी लागलेली पोर. अकलोलीला तिची आंधळी आई. रोज सकाळी आईला भरवून मग ती गाडी पकडायची. हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही सहाव्या खुर्चीत ललिताऐवजी दुसरं कोणी बसवायला मी क्रेटमध्ये हात घातला.

चंद्राचं डोकं वरच होतं. हनुवटीवर तीळ, पुढच्या दातांत फट. दोन वेण्यांचे केस त्याच्याच खाली. मी हिरवी ओढणी उपटली, ललिताचं डोकं धडावरून काढलं आणि हे बसवलं. धडही बदलायला हवं होतं. भाग मिसळून बसवलेला बाहुला मी आयुष्यात कधी पास केला नव्हता. पण शेठ डोक्यावर उभे होते आणि दुसरं धड हाताला लागत नव्हतं. धडाकडे कोण बघतं, असं म्हणून मी बाहुली सहाव्या खुर्चीत दाबली.

ती घट्ट बसली.

"काय गं ललिता, बसलीस काय?" केसरीनाथशेठ म्हणाले. "माल पडलाय बघ."

पॅकिंगच्या टेबलांची ओळ पुरी होती. चंद्रा त्यात नव्हती. मी डोळ्यांनी शोधलंसुद्धा नाही. अकलोलीच्या म्हातारीला आता कोणाची वाट बघायची तेही आठवत नसेल, म्हणजे बरंच झालं, असा विचार मी केला. मला लाज वाटली नाही. मला आनंद झाला. डबा बंद केला, 'पूर्ण' लिहिलं आणि सरकत्या पट्ट्यावर सोडून दिला. डबा पडद्यापलीकडे गाडीत चढेपर्यंत मी बघत राहिलो.

मागं वळलो तर ललिता वाकून पुरा क्रेट उचलत होती.

"अगं वाकू नको!" मी ओरडलो.

"का?"

"या दिवसांत एवढं वजन..."

"कोनत्या दिवसांत?" तिनं क्रेट सहज टेबलावर ठेवला. पायांवरची सूज नव्हती.

मी पट्ट्यापलीकडे धावलो. गाडी गेली होती. नंबर विचारला तर शेठ म्हणाले, आज सकाळपासून एकही गाडी लागलेली नाही.

संध्याकाळी आम्ही रिक्षानं शेलारला परतलो. घरी कपाटात दवाखान्याची फाईल शोधली. तिथं विजेची बिलं होती.

ललितानं चहा ठेवला. मग तिचा निळा पंजाबी ड्रेस हातात घेऊन ती दाराच्या उजेडात बसली. दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवून आत जोडकापड लावलेलं होतं, पोटाशी चांगलं चार बोटं.

"अवो, हा येवढा सैल कोनी केला?" ती म्हणाली. "टाके तर माजेच दिसतात."

तिनं जोडकापड उसवून बाजूला टाकलं, सुईत दोरा ओवला आणि ड्रेस पहिल्यासारखा शिवायला घेतला.